थकलेले बलुते

‘प्रश्न ऐरणीवर आला आहे’ असे वर्तमानपत्रात आपण जवळजवळ रोज वाचतो. पाण्याचा प्रश्न ऐरणीवर येतो, रस्त्यांचा येतो, निवडणूक जवळ आली की सगळेच प्रश्न ऐरणीवर येऊन बसतात. मध्यंतरी धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुलांना विचारले, “ऐरण कोणी पाहिली आहे?” एकाचाही हात वर गेला नाही. एक मुलगी तेवढी म्हणाली, “फादर, आजीच्या मोबाइलवर ऐरणीचे गाणे आहे.” ‘साधी माणसं’ (१९६५) या चित्रपटातले ते गाणे. म्हणजे ऐरण आपल्या भाषेत उरली, गाण्यात उरली. गावातून मात्र ती गेली, आणि ती कधी गेली हे आपल्यापैकी कोणालाच सांगता येणार नाही.

हे सारे आठवायला निमित्त झाले एका कुटुंबाचे. वसईची कितीतरी मुले आता ऑस्ट्रेलियात स्थायिक झाली आहेत. त्यांच्यापैकीच एक कुटुंब नाताळच्या सुट्टीत आम्हांला भेटायला आले आणि सहलीचे फोटो दाखवू लागले. द्राक्षमळे, टेकड्या, वाइनची पिंपे, आणि मध्येच काळोख्या खोलीत पेटलेली लोहाराची भट्टी. ते गाव अँगास्टन. दक्षिण ऑस्ट्रेलियात अॅडलेड शहराच्या ईशान्येला बरोसा नावाचे खोरे आहे, तिथले. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातून आलेल्या विल्यम डॉड्रिज या लोहाराने १८४९ मध्ये तिथे आपला धंदा मांडला. दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहतच मुळी १८३६ ची, म्हणजे गाव अजून पाळण्यात होते. घोड्यांचे नाल, गाड्यांच्या धावा, नांगर, फाटकांच्या बिजागऱ्या, जे लोखंडाचे ते लोहाराकडे. डॉड्रिज घराण्याने ती भट्टी १९६६ पर्यंत चालवली, म्हणजे एकशे सतरा वर्षे. मग ती विझली. पुढे काही वर्षांनी गावकऱ्यांनीच ती जागा विकत घेतली, हत्यारांसकट जपली आणि लोकांसाठी उघडली. गावच्या इतिहास मंडळाचे स्वयंसेवक ती सांभाळत आले आहेत. सुट्टीच्या दिवशी ते भट्टी पेटवतात आणि येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर लोखंड ठोकतात.

फोटो दाखवणारा गृहस्थ म्हणाला, “फादर, तिथे उभा राहिलो आणि आपल्या बाजारातला लोहार आठवला. आपणही असे काहीतरी करायला हवे.”

आम्ही हा विषय धर्मग्राम मंडळाच्या बैठकीत सहज काढला. दोन प्रतिक्रिया आल्या, आणि त्या दोन्ही आम्हांला अजून सोडत नाहीत. एकजण म्हणाले, “जुने लोखंड ठेवायला जागा कुठे आहे? भंगारवाला किलोने घेतो.” दुसरे ज्येष्ठ गृहस्थ हसून म्हणाले, “फादर, लोहार काय राजा होता, त्याचे संग्रहालय करायला?”

पहिल्या प्रश्नाला हिशेबाने उत्तर देता येईल. दुसरा प्रश्न मात्र तत्त्वज्ञानाचा आहे, आणि विचारणाऱ्याला ते ठाऊकही नव्हते. काय जपण्याजोगे आणि काय नाही, हे ठरवायचे कशावरून?

आपण वसईकर किल्ल्याच्या सावलीत वाढलो. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा इथल्या चर्चच्या घंटा सह्याद्रीपलीकडे गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्यांतली एक टांगलेली आहे, भीमाशंकरलाही आहे. शाळेतल्या सहली तिथे जातात तेव्हा आपली मुले मुद्दाम घंटेखाली उभी राहून फोटो काढतात. किल्ला, घंटा, तोफा, तह यांची आठवण आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. आता विचार करा, ज्या दारांना, तुळयांना, होड्यांना, विहिरींच्या रहाटांना लोखंड लागले ते कोणी घडवले? एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. घंटा पळवली गेली म्हणून तिची कथा झाली. बिजागरी कोणी पळवत नाही.

बायबलमध्ये हा विसर आधीच नोंदवलेला आहे. बेन सिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय पाहा. ऐरणीजवळ बसलेला लोहार, आगीच्या धगीने सुकणारे त्याचे अंग, कानांवर सतत आदळणारा घणाचा आवाज, आणि एवढ्यातही घडणाऱ्या वस्तूवर खिळलेली त्याची नजर, हे सारे तिथे इतक्या जवळून पाहिले आहे की, लिहिणारा नक्की एखाद्या लोहारशाळेच्या दारात उभा राहिला असणार असे वाटते. पुढे तो म्हणतो की, अशा कारागिरांवाचून नगर वसत नाही. आणि लगेच म्हणतो की, सभेत मात्र त्यांना कोणी विचारत नाही, न्यायाच्या आसनावर ते बसत नाहीत. हे त्याला खटकते की योग्य वाटते, हे नीट कळत नाही. तो स्वतः शास्त्री होता, त्याला निवांतपणा होता. आम्ही धर्मगुरूही त्याच बाकावरचे. आमचे हात भाजत नाहीत. म्हणून या विषयावर आम्ही लिहितो ते थोड्या संकोचानेच.

याहून बोलकी जागा १ शमुवेल १३ मध्ये आहे. इस्राएलच्या देशात लोहार म्हणून राहिला नव्हता, कारण हिब्रू लोक तलवारी करतील ही पलिष्ट्यांना भीती होती. मग फाळाला, कुऱ्हाडीला धार लावायची तर शत्रूकडे जावे लागे. त्याचा दरही तिथे लिहिलेला आहे. ‘पीम’ या शब्दाचा अर्थ पूर्वी कोणाला नीट लागत नव्हता. पुढे उत्खननांत तो शब्द कोरलेली छोटी दगडी वजने मिळाली, साधारण पाऊण तोळ्याच्या आतबाहेरची, आणि कळले की तो धार लावण्याचा भाव होता. राजे, युद्धे, संदेष्टे यांच्या गर्दीत पवित्र शास्त्राने लोहाराचा दर लिहून ठेवला. लोहार गेला की किती वस्तू आपल्या राहत नाहीत, हे त्या एका परिच्छेदात आहे.

तेव्हा ‘लोहार काय राजा होता?’ या प्रश्नाचे पहिले उत्तर एवढेच की, लोहार नव्हता तेव्हा राजाकडेही फारसे काही नव्हते.

पण म्हणून लगेच संग्रहालय करावे का? इथे आम्ही अडखळतो.

सेमिनरीत आम्हांला मार्टिन हायडेगर शिकावा लागला. शिकावा लागला असेच म्हटले पाहिजे, कारण परीक्षेच्या आदल्या रात्री वर्गातल्या एकालाही तो कळला नव्हता. त्याचे वडील मेसकिर्श या छोट्या गावातल्या कॅथलिक चर्चचे सेवक होते आणि लाकडी पिंपे बनवत. हा मनुष्य १९३३ मध्ये नाझी पक्षात गेला, हे लपवून त्याचे नाव घेऊ नये. पण १९२७ च्या त्याच्या मोठ्या ग्रंथातला हातोड्याचा विचार मात्र आम्हांला कधी विसरता आला नाही. बहुधा तो वडिलांच्या कामाच्या जागेतून आला असावा. विचार असा, की हातोडा चालू असतो तेव्हा तो आपल्याला दिसत नाही. लक्ष खिळ्याकडे असते, घडणाऱ्या वस्तूकडे असते. हातोड्याचा दांडा तुटला, की मग आपण थांबून त्याच्याकडे पाहतो. तो ‘वस्तू’ होतो तो तेव्हाच. पाहिलेला हातोडा आणि वापरलेला हातोडा, यांतला दुसराच खरा ओळखलेला.

आता हा विचार संग्रहालयाला लावून पाहा. काचेच्या कपाटात हातोडा, खाली चिठ्ठी: ‘घण. लोखंड. लाकडी दांडा.’ पाहणारा दोन क्षण थांबतो आणि पुढे जातो. त्या घणाची सारी गोष्ट ज्यात होती ते काम तिथे नाही. उचलताना खांद्याला बसणारा हिसका नाही, ऐरणीवरून उलट उसळी घेणारा ठोका नाही. आपण हत्यार जपले, काम जपले नाही. काम जपताच येत नाही, ते फक्त करता येते.

लहानपणी आम्ही वडिलांबरोबर पावसाळ्यापूर्वी कोयता आणि पहार घेऊन लोहाराकडे जात असू. तिथे एवढा काळोख का असतो, हे आम्हांला कळत नसे. गरिबी असेल असे वाटे. पुष्कळ वर्षांनी समजले की काळोख मुद्दाम असतो. लोखंड किती तापले हे रंगावरून ओळखायचे असते, गडद लाल, मग चेरीसारखा, मग नारिंगी, मग पिवळा. उन्हात हे रंग दिसत नाहीत. कोयत्याला पाणी द्यायचे तर कोणत्या रंगाला बुडवायचा, किती बुडवायचा, कधी बाहेर काढायचा? चुकला तर धार नारळाच्या पहिल्याच घावाला तुटते, नाहीतर वाकते. आम्ही एकदा त्या म्हाताऱ्या लोहाराला विचारले होते, “काका, तुम्हांला कसे कळते?” ते म्हणाले, “बाबा, बघून.” एवढेच. त्यांना उत्तर टाळायचे नव्हते. खरेच तेवढेच उत्तर होते. मायकेल पोलान्यी हा हंगेरीतला रसायनशास्त्रज्ञ पुढे तत्त्वज्ञ झाला. माणसाला जेवढे सांगता येते त्याहून अधिक कळत असते, हा त्याचा सिद्धान्त वाचताना आम्हांला ते ‘बाबा, बघून’ आठवले होते. हे कळणे चिठ्ठीवर लिहिता येत नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातात जाते, नाहीतर हाताबरोबर चितेवर जाते.

म्हणून अँगास्टनच्या लोकांचे आम्हांला कौतुक वाटते ते इमारत वाचवल्याचे नव्हे. ते भट्टी पेटवतात याचे. स्वयंसेवक लोहाराच्या पोटी जन्मलेले असतील असे नाही. पण कोणीतरी शिकल्याशिवाय लोखंड ठोकता येत नाही, आणि शिकताना चटके बसल्याशिवाय राहत नाहीत. आठवड्यातून थोडा वेळ का होईना, तिथला हातोडा पुन्हा दिसेनासा होतो.

सगळीकडे असे होत नाही. लोहारशाळा जपण्याचे काही वेगळे मार्गही जगात आहेत, आणि ते पाहिल्याशिवाय आपला प्रश्न नीट मांडता येणार नाही.

अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ग्रँड डिटूर या खेड्यात जॉन डियर या लोहाराची जागा जपलेली आहे. तो १८३६ मध्ये व्हरमाँटहून तिथे आला. तिथली काळी चिकट माती बिडाच्या नांगराला चिकटून बसे, शेतकऱ्याला पावलोपावली थांबून फाळ खरवडावा लागे. १८३७ मध्ये त्याने मोडक्या करवतीचे पोलादी पाते घेऊन गुळगुळीत नांगर घडवला आणि माती आपोआप निसटू लागली. १८४८ मध्ये तो मोलिन गावी गेला, कारखाना वाढला. १९६२ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी ग्रँड डिटूरला खोदून त्या मूळ लोहारशाळेची जागा शोधली, आणि ती उघडी जमीन तशीच ठेवून तिच्यावर छत घातले. भट्टी कुठे, ऐरण कुठे, हे मातीतल्या खुणांवरून दाखवतात. एका लोहाराच्या पायाखालची माती इतक्या आदराने जपली, हे वाचून आम्ही थक्क झालो.

पण दुसरा विचारही आला. ही जागा जपली ती लोहाराची म्हणून, की ज्याचे पुढे मोठे नाव झाले त्याची म्हणून? त्या काळी त्या भागात गावोगाव लोहार होते. त्यांनीही नांगर ठोकले, त्यांच्या जागा कोणी खोदल्या नाहीत. शिवाय यशयाच्या दुसऱ्या अध्यायामुळे आपण फाळाला नेहमी तलवारीच्या उलट बाजूला ठेवतो. इलिनॉयमध्ये ते तितके सोपे नाही. १८३२ चे ब्लॅक हॉक युद्ध, १८३३ चा शिकागोचा तह, आणि मूळच्या जमातींना मिसिसिपी नदीपलीकडे घालवून देणे, हे सारे आधी झाले आणि मग तो चकचकीत फाळ त्या जमिनीत उतरला. ज्या गवताळ माळामुळे त्या राज्याला ‘प्रेअरी’चे राज्य म्हणतात, तो मूळ माळ आज तिथे नावापुरता उरला आहे. आगीजवळ उभ्या असलेल्या माणसाला हे दिसले नसेल. छताखाली तिकीट काढून उभ्या असलेल्याला मात्र दिसायला हवे.

आणखी एक विचित्र योग पाहा. डियरची कंपनी १९१८ मध्ये ट्रॅक्टरच्या धंद्यात उतरली. घोडे गेले, बैल गेले, आणि त्यांच्यामागून जगभरच्या खेड्यांतले लोहार गेले. हिरवे ट्रॅक्टर आता आपल्या पुण्याजवळच्या सणसवाडीतही तयार होतात. एका लोहाराच्या ऐरणीवरून सुरू झालेल्या गोष्टीने हजारो ऐरणी थंड केल्या. यात कोणाला दोष द्यावा? ट्रॅक्टरवर बसणाऱ्या शेतकऱ्याच्या पाठीचा विचार केला, तर आम्हांला दोष देववत नाही.

स्कॉटलंडमध्ये सीमेवरच्या ग्रेटना ग्रीन गावातली लोहारशाळा तर लोखंडासाठी प्रसिद्धच नाही, लग्नांसाठी आहे! १७५४ पासून इंग्लंडमध्ये एकवीस वर्षांखालील मुलामुलींना पालकांच्या संमतीवाचून लग्न करता येईना. स्कॉटलंडचा कायदा सैल होता. दोन साक्षीदारांसमोर कबूल केले की झाले. मग पळून आलेली जोडपी सीमा ओलांडून पहिल्याच गावात थांबत आणि ऐरणीवर हातोडा वाजवून लग्ने लागत. १९४० मध्ये अशी लग्ने कायद्याने बंद झाली. (ख्रिस्तसभेने मात्र चोरटी लग्ने थांबवण्यासाठी ट्रेंटच्या परिषदेत १५६३ सालीच धर्मगुरू आणि साक्षीदार आवश्यक केले होते, हे लग्नाच्या तयारीच्या वर्गाला येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.) आजही हजारो लोक ती ऐरण पाहायला जातात. लोहाराने आयुष्यभर काय घडवले, हे त्यांतल्या फार थोड्यांना ऐकायचे असते.

तर अशा तऱ्हा. कुठे नाव जपले, कुठे गंमत जपली. अँगास्टनला निदान काम जपायचा प्रयत्न आहे. आणि एक फरक आम्हांला सर्वांत मोठा वाटतो. तिथली जागा गावाने घेतली. सरकारने आखून दिली नाही, कंपनीने आपल्या जाहिरातीसाठी बांधली नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांच्या घोड्यांना तिथे नाल ठोकले, त्यांनीच पैसे काढले.

आपल्याकडे याला एक नेमका शब्द आहे, बलुते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या पुस्तकात बलुतेदारीचे सविस्तर वर्णन आहे. त्यात लोहार पहिल्या ओळीतला बलुतेदार. वर्षभर तो फाळ पाजवायचा, खुरपी-विळे करायचा, आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा. हे ऐकायला गोड वाटते, एकमेकांवाचून न अडणारे गाव! पण खळ्यावर माप कोणाच्या हातात होते? वाटा जन्मावर ठरलेला, काम जन्मावर ठरलेले. लोहाराच्या मुलाने शिक्षक व्हायचे म्हटले तर गावगाड्यात त्याला जागा नव्हती. आपल्या वसईच्या वाड्यांत रोखीचा व्यवहार लवकर आला. आमचे वडील लोहारकाकांना पैसे देत आणि वर एक केळीचा फणा. पण ते काका कधी आमच्या ओटीवर खुर्चीत बसल्याचे आम्हांला आठवत नाही. ख्रिस्ती घरांतही ओटीची एक पायरी कोणाची आणि खुर्ची कोणाची, हे ठरलेले असे. हे लिहायला बरे वाटत नाही.

म्हणून लोहारशाळेचे संग्रहालय म्हणजे आम्हांला थकलेले बलुते वाटते. ज्यांच्याकडून गावाने घेतले आणि पुरते दिले नाही, त्यांची बाकी. तसे असेल, तर त्या खोलीत ऐरणीबरोबर खळ्यावरचे मापही ठेवले पाहिजे. हत्यारांबरोबर त्यांची मजुरीही लिहिली पाहिजे, पलिष्ट्यांच्या पीमसारखी. आणि घण उचलणाऱ्या हातांत बाईचे हातही दाखवले पाहिजेत. परदेशातल्या चित्रांत लोहार म्हटला की दंड फुगवलेला पुरुष असतो. आपल्याकडे घिसाडी कुटुंबात पुष्कळदा नवरा सांडशीने लोखंड धरतो आणि घण बायको घालते.

गोव्यात बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी उभारलेले ‘गोवा चित्र’ आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. पाडलेल्या जुन्या घरांचे दरवाजे-खिडक्या वापरून ते बांधले आहे आणि आत शेतीची व बारा धंद्यांची हत्यारे आहेत. सामान्य माणसाच्या हातची वस्तू देवघरातल्या वस्तूइतक्या आदराने मांडता येते, हे तिथे पटते. आपल्या मंडळाने एकदा सहल न्यावी, असे आम्ही सुचवले आहे.

पण बाकी फेडायची कोणाला, हा प्रश्न उरतोच. लोहारकाका वारले. त्यांची मुले नोकरीला लागली आणि सुखात आहेत. त्यांना वडिलांच्या ऐरणीचे फार प्रेम नाही, आणि तसे ते असावे असा आग्रह धरण्याचा आपल्याला काय अधिकार? एकाने आम्हांला स्पष्टच सांगितले, “फादर, त्या धुरात बाबांची छाती गेली. तुम्हांला त्याचे संग्रहालय करावेसे वाटते, मला ते विसरावेसे वाटते.” या वाक्यापुढे आमचे सगळे तत्त्वज्ञान गप्प बसले. पोप दुसरे जॉन पॉल तरुणपणी, नाझी अंमलात, दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात काम करत होते. १९८१ मधल्या श्रमावरच्या परिपत्रकात त्यांनी मांडले की, कामाची किंमत ते कोणते काम आहे यावरून ठरत नाही, ते करणारा माणूस आहे यावरून ठरते. हे खरे मानले, तर धुराने गेलेल्या छातीपेक्षा ऐरण मोठी मानता येत नाही. संग्रहालय करायचे तर त्या मुलाला विचारून, आणि तो नको म्हणाला तर नकोच.

संत योसेफाला आपण सुतार म्हणतो. शुभवर्तमानातला मूळ ग्रीक शब्द ‘टेक्टोन’ कारागीर, बांधणारा अशा अर्थाचा आहे, आणि लॅटिनमधला ‘फाबेर’ लोहारालाही लागू होतो. नासरेथमधली त्याची हत्यारे कोणी जपली नाहीत. कामगार संत योसेफाचा सण १ मे रोजी साजरा करायला ख्रिस्तसभेला १९५५ साल उजाडावे लागले.

त्याच १९५५ साली आपल्या देशातही लोहारांसाठी एक सोहळा झाला होता. १५६८ साली चितोड पडले, तेव्हा गाडिया लोहारांच्या पूर्वजांनी गड पुन्हा मिळेपर्यंत घर न बांधण्याची शपथ घेतली, अशी त्यांची परंपरा सांगते. एप्रिल १९५५ मध्ये पंडित नेहरूंनी त्यांना सन्मानाने चितोडगडावर नेले, शपथ फिटली असे जाहीर झाले. तरीही त्यांतली कितीतरी कुटुंबे आज शहरांच्या कडेला, रस्त्यालगत गाड्यांच्या आडोशाला राहतात. आपल्या महाराष्ट्रातले घिसाडीही तसेच, नोंद भटक्या जमातींत. पावसाळ्यापूर्वी बाजाराच्या टोकाला ते पाल ठोकतात. जमिनीत खड्डा ही भट्टी, हाताने फिरवायचा पंखा हा भाता, आणि मालट्रकच्या कमानीचे जुने पाटे हा कच्चा माल. म्हणजे आपल्या गावातून ऐरण गेली, असे आम्ही सुरुवातीला लिहिले ते चुकलेच. ती वर्षातून काही दिवस येते, कडेला बसते. धर्मशिक्षणाची मुले शाळेच्या रिक्षातून तिच्यावरूनच जातात.

गेल्या मे महिन्यात आवारातल्या नारळांसाठी कोयता हवा होता, म्हणून आम्ही त्यांच्याकडे गेलो. बाई घण घालत होती, सातआठ वर्षांचा मुलगा पंखा फिरवत होता. शाळेचे विचारले तर म्हणाली, “इथं किती दिवस असू, त्यावर हाय.” कोयता तयार झाल्यावर तिने साडेतीनशे रुपये सांगितले. आमच्याबरोबरच्या गृहस्थांनी सवयीने “अडीचशे घे” म्हटले, ती तीनशेवर आली, आणि आम्ही मध्ये काहीच बोललो नाही. झगा घातलेला असताना घासाघीस पाहत उभे राहणे बरे नव्हे, एवढेच तेव्हा मनात आले, आणि आम्ही बाजूला सरकलो.

तो कोयता धर्मगुरू निवासाच्या मागच्या दाराला अडकवलेला आहे. वर्ष होत आले, धार अजून लावावी लागलेली नाही. पाल पुन्हा पडले आहे, असे परवा भाजी आणायला गेलेल्या मुलाने सांगितले. पन्नास रुपये द्यायचे राहिले आहेत.